शीलाचे निवासस्थान : पाचवे शील, वसतिगृह आणि निवडीचे स्वातंत्र्य

अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला निवासाच्या सोयीसाठी एक अर्ज भरून द्यावा लागतो. आपण रात्री केव्हा झोपता, अभ्यासाला शांतता लागते की नाही, खोलीतील सोबती कसा हवा, असे प्रश्न त्यात असतात. अनेक ठिकाणी आणखी एक प्रश्न असतो : आपण नशामुक्त निवासात राहू इच्छिता काय? जो विद्यार्थी होकार देतो त्याला अशा इमारतीत किंवा मजल्यावर खोली मिळते, जेथे दारू, तंबाखू व अन्य अमली पदार्थ आणता येत नाहीत, सेवन करता येत नाहीत आणि बाहेरून सेवन करून येऊन इतरांना उपद्रव देता येत नाही. बहुतेक ठिकाणी तो विद्यार्थी तशा करारावर स्वतःची सही करतो.

वरकरणी ही एक सामान्य व्यवस्था आहे. धम्मविषयक नियतकालिकाने तिची दखल का घ्यावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु पंचशीलातील पाचवे शील ग्रहण करताना उपासक जे करतो आणि त्या अर्जावर खूण करताना तो विद्यार्थी जे करतो, या दोन कृतींमध्ये आम्हांस एक जवळचे नाते दिसते. दोन्ही ठिकाणी कोणी आज्ञा देत नाही. माणूस स्वतः स्वीकार करतो. हे नाते इतिहासाच्या आधारे तपासून पाहणे आणि त्यातून आपल्या वसतिगृहांसाठी व आपल्या विद्यार्थ्यांसाठी काही बोध मिळतो काय हे शोधणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अमेरिकन महाविद्यालय आणि दारू

अमेरिकेतील महाविद्यालये आणि मद्य यांचा संबंध त्या महाविद्यालयांइतकाच जुना आहे. १६३६ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्ड महाविद्यालयात बिअर हा विद्यार्थ्यांच्या नित्याच्या भोजनाचा भाग होता. तेथील पहिले प्रमुख नॅथॅनिएल ईटन यांना १६३९ मध्ये पदावरून दूर करण्यात आले, तेव्हा त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींमध्ये विद्यार्थ्यांना पुरेशी बिअर मिळत नसे, अशीही तक्रार होती. पुढे तर महाविद्यालयाच्या आवारातच बिअर तयार करण्याची सोय झाली. १८२५ मध्ये थॉमस जेफर्सन यांचे व्हर्जिनिया विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी मद्यधुंद विद्यार्थ्यांनी आवारात दंगा केला. हे विद्यार्थी बहुतांशी गुलामांच्या मालकांचे पुत्र होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

याच्या उलट उदाहरण ओहायो राज्यातील ओबर्लिन येथे आढळते. १८३३ मध्ये तेथे महाविद्यालय व वसाहत यांची एकत्र स्थापना झाली. तेथे येणाऱ्यांनी एका करारनाम्यावर सह्या केल्या. तंबाखू सोडणे, मादक पेये वर्ज्य करणे, इतकेच नव्हे तर चहा-कॉफीचाही त्याग करणे, अशी कलमे त्यात होती. आणि याच ओबर्लिनने १८३५ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा निर्णय घेतला व १८३७ मध्ये स्त्रियांना पदवीच्या अभ्यासक्रमात प्रवेश दिला. स्वेच्छेने स्वीकारलेला संयम आणि मानवी समतेचा आग्रह एकाच आवारात नांदले, हा योगायोग आम्हांस वाटत नाही. ज्याने स्वतःवर स्वामित्व मिळविण्याचा निश्चय केला त्याला दुसऱ्यावरील स्वामित्वाचे समर्थन करणे कठीण जाते.

गुलामगिरी आणि दारू यांचा संबंध फ्रेडरिक डग्लस यांनी जसा उलगडून दाखविला तसा क्वचितच कोणी दाखविला असेल. मेरीलँड राज्यात गुलाम म्हणून जन्मलेले डग्लस १८३८ मध्ये निसटून स्वतंत्र झाले आणि १८४५ मध्ये त्यांनी आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. नाताळ ते नववर्ष या दिवसांत मालक गुलामांना सुटी देत आणि त्या सुटीत त्यांनी भरपूर व्हिस्की प्यावी अशी व्यवस्था करीत. कोण अधिक पितो यावर पैजाही लावीत. हेतू असा की, स्वातंत्र्य म्हणजे हेच लोळणे व किळस, अशी गुलामाची समजूत व्हावी आणि त्याने आपण होऊन मालकाच्या शेतावर परत यावे. दारू ही येथे दिलासा नव्हती; ती बेडीच होती. डग्लस त्याच वर्षी आयर्लंडला गेले असता तेथे त्यांनी फादर मॅथ्यू यांच्याकडून मद्यत्यागाची प्रतिज्ञा घेतली.

हे वाचताना महाराष्ट्रातील वाचकाला आपल्या इतिहासाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर दारूचे उत्पन्न हा सरकारी तिजोरीचा एक भरवशाचा आधार बनला आणि दुकाने कष्टकऱ्यांच्या वस्त्यांजवळ येऊन बसली. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून आपला विरोध नोंदविला. दलितांच्या मजुरीचा पैसा कोठे जातो आणि त्यांचे भान कोण हिरावून घेतो, हा प्रश्न आपल्या चळवळीच्या आरंभापासून उभा आहे.

सक्तीचा मार्ग आणि त्याची मर्यादा

अमेरिकेने दारूचा प्रश्न एकदा सक्तीने सोडवून पाहिला. संविधानाची अठरावी दुरुस्ती १९१९ मध्ये संमत झाली व जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झाली. चोरटी दारू, गुन्हेगारी टोळ्या आणि कायद्याविषयी अनादर एवढेच तिचे फलित दिसू लागले, तेव्हा डिसेंबर १९३३ मध्ये ती दुरुस्ती रद्द करण्यात आली.

महाविद्यालयांच्या आवारातही सक्ती होती, पण ती वेगळ्या प्रकारची. महाविद्यालय म्हणजे विद्यार्थ्याचा पालक, त्याने केव्हा झोपावे, कोणाला भेटावे, काय प्यावे हे महाविद्यालय ठरवील, अशी विचारसरणी तेथे दीर्घकाळ रूढ होती. या पालकशाहीला पहिला मोठा धक्का कोणी दिला? दारूच्या पेल्यासाठी भांडणाऱ्या श्रीमंत मुलांनी नव्हे. फेब्रुवारी १९६० मध्ये अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे कृष्णवर्णीयांच्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थी न्यायालयाच्या इमारतीतील उपाहारगृहात जाऊन बसले आणि गोऱ्यांप्रमाणे आपल्यालाही तेथे खायला मिळावे, अशी त्यांनी मागणी केली. त्यांपैकी नऊ जणांना महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले. त्यांना आरोप सांगितला गेला नाही, म्हणणे मांडण्याची संधीही दिली गेली नाही. ‘डिक्सन विरुद्ध अलाबामा राज्य शिक्षण मंडळ’ या खटल्यात १९६१ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी महाविद्यालयाला विद्यार्थ्याची बाजू ऐकल्यावाचून त्याला असे काढून टाकता येणार नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्यांच्या रक्तात आहे त्यांना, एका सार्वजनिक जागी बसून खाण्याच्या हक्कासाठी दिलेल्या या लढ्याचे मोल निराळे सांगावयास नको. या निर्णयापासून विद्यार्थी हा पाल्य नसून हक्कधारक नागरिक आहे, ही कल्पना रुजत गेली आणि पुढील काही वर्षांत वसतिगृहांतील जाचक नियम एकामागून एक गळून पडले.

पालकशाही गेली हे योग्यच झाले. परंतु तिची जागा कोणी घेतली? पुष्कळ आवारांत ती जागा बंधुमंडळांच्या मेजवान्यांनी आणि बिअरच्या पिंपांनी घेतली. १९८४ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून, जी राज्ये मद्य विकत घेण्याचे किमान वय २१ वर्षे करणार नाहीत त्यांच्या महामार्ग निधीचा काही भाग रोखण्याची तरतूद केली. १९८८ पर्यंत सर्व राज्यांनी ती वयोमर्यादा स्वीकारली. म्हणजे वसतिगृहात राहणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना दारू कायद्यानेच वर्ज्य झाली. तरीही हार्वर्ड सार्वजनिक आरोग्य विद्यालयाचे हेन्री वेक्सलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये १४० महाविद्यालयांतील १७,५९२ विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ४४ टक्के विद्यार्थी अतिमद्यपान करणारे आढळले. मागील दोन आठवड्यांत एकाच बैठकीत पुरुषाने सलग पाच किंवा स्त्रीने सलग चार पेले घेणे, ही त्यांची अतिमद्यपानाची व्याख्या होती. त्याच पाहणीने आणखी एक गोष्ट पुढे आणली. जे पीत नाहीत त्यांनाही याचा त्रास होतो : झोपमोड होते, अभ्यास बुडतो, मद्यप्यांची काळजी घेत रात्र घालवावी लागते, अपमान सोसावा लागतो आणि विद्यार्थिनींना नको त्या प्रसंगांना तोंड द्यावे लागते.

कायदा पुस्तकात होता, वसतिगृहाच्या खोलीत नव्हता. सक्तीची मर्यादा ती हीच.

निवडीचा मार्ग

अशा परिस्थितीत विद्यापीठांनी एक तिसरा मार्ग शोधला. न्यू जर्सी राज्यातील रटगर्स विद्यापीठाने १९८८ मध्ये व्यसनातून सावरत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र निवास सुरू केला. १९८९ मध्ये मिशिगन विद्यापीठाने सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी, त्यांना व्यसन असो वा नसो, नशामुक्त निवासाची सोय केली. पुढील दशकात ही व्यवस्था देशभर पसरली. २०१५ मध्ये न्यू जर्सी राज्याने तर कायदाच केला की, ज्या सरकारी चार-वर्षीय महाविद्यालयांत किमान एक चतुर्थांश विद्यार्थी आवारात राहतात त्यांनी व्यसनातून सावरणाऱ्यांसाठी अशी निवासव्यवस्था करावी. हा कायदा सोय उपलब्ध करून देण्याचा आहे, कोणाला तेथे राहावयास लावण्याचा नाही, हा भेद महत्त्वाचा आहे.

हा निवास निवडणारे विद्यार्थी एकाच प्रकारचे नसतात. कोणाच्या घरी वडील किंवा भाऊ दारूपायी गेलेले असतात आणि तो वास पुन्हा नको असतो. कोणाचा धर्म मद्य निषिद्ध मानतो. कोणी खेळाडू असतो. कोणाला केवळ शांत झोप व अभ्यास हवा असतो. कोणी स्वतः त्या गर्तेत पडून वर आलेला असतो. कारणे भिन्न असली तरी मजला एक असतो. आणि मजल्यावरील प्रत्येकाला ठाऊक असते की शेजारच्या खोलीतील माणसानेही तीच निवड केली आहे.

वेक्सलर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, कोणतेही बंधन नसलेल्या निवासांतील विद्यार्थ्यांच्या तुलनेत नशामुक्त निवासांतील विद्यार्थ्यांत अतिमद्यपान कमी आणि इतरांच्या मद्यपानामुळे होणारा उपद्रवही कमी होता. यावर असा आक्षेप घेता येईल की, मुळात जे कमी पितात तेच तेथे जातात. आक्षेप योग्य आहे. परंतु तो त्या व्यवस्थेचे दूषण नाही. जो मुळात पीत नाही त्याला अठराव्या वर्षी, घरापासून दूर, न पिताच राहता येईल अशी जागा मिळणे हीच तर मोठी गोष्ट आहे. दुसरीकडे, ज्याने निवड केलेली नाही, पण आई-वडिलांनी परस्पर खूण केली किंवा अन्यत्र जागा शिल्लक नव्हती म्हणून ज्याला तेथे धाडले, त्याच्यासाठी तोच मजला पुन्हा जुनी पालकशाही ठरतो. भिंती त्याच असतात. फरक पडतो तो स्वीकाराने.

सागताची कथा

आता आपण भगवान बुद्धांच्या संघाकडे वळू. पंचशीलातील प्रत्येक शील हे ‘सिक्खापद’ आहे, म्हणजे शिक्षणाची एक पायरी. आणि ते ग्रहण करणारा ‘समादियामि’ म्हणतो, म्हणजे मी स्वीकारतो. भाषाच स्वीकाराची आहे. पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे स्थान म्हटले आहे. मद्य अपवित्र आहे किंवा कोणत्या देवतेला अप्रिय आहे, असे तेथे म्हटलेले नाही. ते भान घालविते आणि भान गेले की उरलेली चार शीलेही हातची जातात, असा हा बुद्धिनिष्ठ विचार आहे.

भिक्खूंसाठी मद्याचा नियम कसा आला याची कथा विनयपिटकात पाचित्तिय विभागात आहे. सागत नावाच्या भिक्खूने अंबतित्थ येथील एका उग्र नागाला आपल्या सामर्थ्याने वश केले. त्याची कीर्ती कोसंबीत पोहोचली. त्याचे स्वागत कसे करावे असे उपासकांनी विचारले, तेव्हा स्वैर वागणाऱ्या सहा भिक्खूंच्या टोळक्याने त्यांना सुचविले की मद्य द्यावे. घरोघरी सागतापुढे मद्य आले. तो प्याला आणि नगराच्या वेशीपाशी कोसळला. भिक्खूंनी त्याला उचलून विहारात आणले व भगवंतांकडे डोके करून निजविले. पण तो लोळत फिरला आणि त्याचे पाय भगवंतांकडे झाले. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना विचारले की, हा सागत पूर्वी तथागताविषयी आदर बाळगीत नव्हता काय? आता तो बाळगतो आहे काय? ज्याने नागाला जिंकले तो आता पाण्यातल्या साध्या सापाला तरी आवरू शकेल काय? त्यानंतर नियम घालण्यात आला.

या कथेतील तीन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. पहिली अशी की, सागत दुर्बळ नव्हता. नाग वश करणारा माणूस सत्काराच्या पेल्यापुढे पडला. मित्रांच्या आग्रहापुढे आणि उत्सवाच्या प्रसंगी एकट्याचे मनोबळ पुरत नाही, हे भगवंतांनी ओळखले होते. दुसरी अशी की, दोष केवळ सागताचा नव्हता. सल्ला देणारे सोबती आणि पेला पुढे करणारे चाहते यांनी ती परिस्थिती घडविली होती. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मद्यपानाचा हा अपराध ‘पाचित्तिय’ वर्गात मोडतो. म्हणजे भिक्खूने आपल्या सहभिक्खूजवळ तो कबूल करावयाचा आणि शुद्ध होऊन पुन्हा शिक्षणास लागावयाचे. संघातून कायमचे बाहेर पडावे लागते ते ‘पाराजिक’ अपराधाने. मद्यपान त्यात नाही. सागताला कोणी हाकलून दिले नाही. तेजोधातूत कुशल असलेल्या भिक्खूंमध्ये अग्रगण्य म्हणून अंगुत्तर निकायात त्याचेच नाव आहे.

उपासकांसाठी सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : धनाची हानी, कलह, रोग, अपकीर्ती, लज्जेचा लोप आणि प्रज्ञेचे दौर्बल्य. त्याच सुत्तात खरा मित्र कोण व मित्राचे सोंग घेतलेला शत्रू कोण, याचे विस्ताराने विवेचन आहे, आणि पिण्यापुरता सोबत करणारा शत्रूंच्या यादीत आहे. मंगल सुत्तात मूर्खांची संगत टाळणे, मद्यापासून संयम राखणे आणि ‘पतिरूपदेसवास’ म्हणजे योग्य स्थळी निवास करणे, या तिन्ही गोष्टींची गणना उत्तम मंगलांत केली आहे. आयुष्मान आनंदांनी एकदा कल्याणमित्रता हा धम्मजीवनाचा अर्धा भाग आहे असे म्हटले, तेव्हा भगवंतांनी त्यांना दुरुस्त केले : अर्धा नव्हे, ते संपूर्ण धम्मजीवनच आहे. शील एकट्याने घ्यावयाचे असते, परंतु ते जगण्यास स्थळ व सोबत लागते. विहार ही संस्था याच जाणिवेतून उभी राहिली. कान्हेरीच्या डोंगरातील शंभराहून अधिक लेणी, त्यांतील दगडी ओटे आणि पाण्याची टाकी पाहिली की, तेथे एका नियमाखाली एकत्र राहणाऱ्यांची वस्ती होती हे डोळ्यांपुढे उभे राहते. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात नालंदा येथे राहिलेल्या इत्सिंगने तेथे तीन हजारांहून अधिक भिक्खू, आठ मोठी सभागृहे व तीनशे खोल्या असल्याचे नमूद केले आहे. जगातील एक महान विद्यापीठ हे एक नशामुक्त निवासस्थानच होते.

बाबासाहेब : निवास आणि स्वीकार

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनात निवासाचा प्रश्न किती मोठा होता, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. प्रथम ते हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील भोजन न मानवल्याने कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले, जो आज वॉलॅक हॉल म्हणून ओळखला जातो. तेथे नवल भथेना हे पारशी गृहस्थ त्यांचे सोबती होते व ते आयुष्यभराचे मित्र झाले. भोवती मोहमयी महानगर असताना बाबासाहेबांनी तो काळ ग्रंथालयात घालविला. १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीसाठी आले, तेव्हा पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्याधारी जमावाने बाहेर काढले. परक्या भूमीत ज्या समाजातील माणसाबरोबर ते एका छपराखाली राहिले, त्याच समाजाच्या धर्मशाळेत स्वदेशी त्यांना आसरा मिळाला नाही. कोठे आणि कोणाबरोबर राहावयाचे हे स्वतः ठरविता येणे म्हणजे काय, हे या प्रसंगाइतके दुसरे काय सांगणार?

म्हणूनच वसतिगृह हे बाबासाहेबांच्या कार्याचे आरंभीचे साधन ठरले. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूर येथे वसतिगृह उघडले. १९२८ मध्ये दलितवर्ग शिक्षण संस्था स्थापन करून त्यांनी ही कामगिरी वाढविली. औरंगाबाद येथे, ज्या शहराचे नाव आज छत्रपती संभाजीनगर आहे, १९५० मध्ये महाविद्यालय सुरू झाले आणि नागसेनवनाच्या परिसरात गावोगावची मुले येऊन राहू लागली. गावकुसाबाहेरच्या मुलाला स्वतःची खाट, दिवा आणि अभ्यास करणारा सोबती मिळाला. ही क्रांती होती.

आता मद्याविषयी बाबासाहेबांच्या भूमिकेकडे लक्ष वेधणे आम्ही आवश्यक समजतो, कारण तिच्यात काहींना विसंगती दिसते. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदी रद्द करावी अशी मागणी आहे. दारूबंदीपायी राज्याचा मोठा महसूल बुडतो आणि तो शिक्षणासारख्या कामी लावता आला असता, हा त्यामागील विचार. आणि त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांतील सतरावी मद्यत्यागाची आहे.

ही विसंगती नव्हे. येथे तर त्यांच्या विचाराची कळ आहे. पोलिसाच्या दंडुक्याने दारू सुटत नाही, ती लपून चालते, हे १९३३ पर्यंतच्या अमेरिकेने दाखवून दिले होते. परंतु लाखोंच्या साक्षीने उभ्या राहिलेल्या माणसाने स्वतःच्या मुखाने केलेली प्रतिज्ञा ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे. एका बाजूस राज्याचा निषेध, दुसऱ्या बाजूस नागरिकाचा स्वीकार. पहिल्यात माणूस प्रजा राहतो, दुसऱ्यात तो स्वतःचा स्वामी होतो. नागपूरच्या मैदानावर ती प्रतिज्ञा एकट्याने घेतली गेली नाही, हेही लक्षात घ्यावे. शेजारचा, मागचा, पुढचा प्रत्येक माणूस तीच प्रतिज्ञा घेत होता.

वेगळी वस्ती आणि वेगळी निवड

येथे आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका येईल आणि ती आम्ही टाळू इच्छित नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला वेगळे ठेवले गेले. महारवाडा ही वेगळीच वस्ती होती. मग वेगळ्या मजल्याचे कौतुक आपण का करावे? आज शुद्ध आहाराच्या नावाने इमारतींतून आणि भोजनगृहांतून माणसे दूर ठेवली जातात, ते आपण पाहतो. नशामुक्त मजला हीसुद्धा नव्या सोवळ्याची सुरुवात नव्हे काय?

शंका रास्त आहे आणि कसोटीही तिच्यातच आहे. महारवाड्यात कोण राहील हे जन्म ठरवीत होता; त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग नव्हता. शीलाच्या निवासात कोण राहील हे त्याची स्वतःची निवड ठरविते; तेथे कोणत्याही जातीचा, वर्णाचा, धर्माचा माणूस येऊ शकतो व इच्छा झाल्यास बाहेरही जाऊ शकतो. सोवळे दुसऱ्याच्या शरीराला विटाळ मानते; शील स्वतःच्या वर्तनाकडे पाहते. ज्या दिवशी नशामुक्त मजल्यावरील विद्यार्थी इतर मजल्यांवरील विद्यार्थ्यांना हीन मानू लागेल, त्या दिवशी त्याने पेला न उचलताही प्रमाद केला असे आम्ही म्हणू. संघाचे वेगळेपण हे असे नव्हते. भिक्खू रोज भिक्षापात्र घेऊन त्याच गावात जात होता.

आपल्या वसतिगृहांसाठी

आज आपली मुले-मुली शिक्षणासाठी गाव सोडून शहरांत आणि काही परदेशांतही जातात. घरातून निघालेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यावर दुहेरी भार असतो. एकीकडे एकटेपणा, दुसरीकडे आपण मागास ठरू नये म्हणून इतरांसारखे वागून दाखविण्याची ओढ. अशा वेळी पुढे आलेला पहिला पेला बहुधा मैत्रीच्या रूपाने येतो, जसा तो सागतापुढे आदराच्या रूपाने आला. आपल्या वस्त्यांतील किती हुशार मुले याच वाटेने हरवली, याचा हिशेब आपण जाहीरपणे क्वचितच मांडतो. जयंतीच्या मिरवणुकीत प्रतिज्ञांच्या जनकाची प्रतिमा पुढे आणि मागे झिंगलेली पावले, हे दृश्यही आपण पाहिलेले आहे. ते पाहून मान खाली घालणे पुरेसे नाही.

आमच्या मते या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. विहारांशी संलग्न असलेल्या व आंबेडकरी संस्थांच्या वसतिगृहांत मद्यबंदीची पाटी लावून काम संपते, असे आपण समजू नये. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याने पंचशील समजून घेऊन स्वतः स्वीकारावे आणि पालकांनी त्याच्या वतीने ते स्वीकारू नये. दुसरे असे की, जो घसरला त्याला पहिल्याच दिवशी बिऱ्हाडासह रस्त्यावर काढणे हा विनयाचा मार्ग नाही. कबुली, एखाद्या ज्येष्ठ कल्याणमित्राची सोबत आणि पुन्हा आरंभ, हा तो मार्ग आहे. दुसऱ्याला उपद्रव देणाऱ्यास आवरलेच पाहिजे; परंतु आवरणे आणि टाकून देणे यांत अंतर आहे. गरीब मुलाचे वसतिगृह गेले की शिक्षण जाते, हे आपणच सर्वांत अधिक जाणतो. आणि तिसरे, जे विद्यार्थी दूरच्या विद्यापीठांत जातात त्यांना निघण्यापूर्वी हे सांगावे की, राहण्याच्या अर्जावर असा एखादा प्रश्न असेल तर तो उगाच ओलांडून जाऊ नका. त्यावर विचार करा. न पिणारा तेथे एकटा पडत नाही; त्याच्यासारखे अनेक असतात आणि त्यांना शोधण्याची सोय त्या प्रश्नात असते.

कोलंबियाच्या वसतिगृहात खिडकीशी बसून वाचणाऱ्या त्या तरुणासमोर असा अर्ज कोणी ठेवला नव्हता. त्याने आपल्या खोलीचे विहारात रूपांतर स्वतःच्या निश्चयाने केले आणि त्रेचाळीस वर्षांनी तोच निश्चय आपल्या लाखो बांधवांच्या हाती दिला. आपल्या मुलांना तो निश्चय एकट्याने पेलावा लागू नये, एवढी व्यवस्था करणे हे आपले काम आहे.